कापूस, कापूर आणि खवले

गेल्या एप्रिलात आम्ही कुडतरीला गेलो ते खरं म्हणजे एक कपाट बघायला. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं की तिथे एका घरात सागवानी कपाट विकायचंय, पोर्तुगीज काळातलं, आणि असं काही कानावर आलं की बाबांची झोप उडते. चाळीस वर्षं फोंड्यात सुतारकाम आणि पॉलिशचं काम केलेला माणूस, आता गुडघे कुरकुरतात पण जुनं लाकूड म्हटलं की पाय आपोआप चालायला लागतात. बोरीचा पूल ओलांडला, लोटलीवरून पुढे गेलो. माझं काम एवढंच की गाडी चालवायची आणि बाबा भाव करत असताना तोंड उघडायचं नाही.

कपाट वाळवीने आतून खाल्लेलं निघालं. बाबांनी बोटाने दोनदा टकटक केलं आणि मान हलवली, विषय संपला. मी मात्र बाल्कांवातच, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीतच, अडकलो होतो, कारण तिथे मनी प्लांटची कुंडी ज्याच्यावर ठेवली होती ते स्टूल नव्हतं. गोल, गुडघ्याच्या वर येईल एवढं उंच, तीन पाय, अंगावर लोखंडी दांड्या, आणि रंग म्हणाल तर जुन्या लोण्यासारखा, म्हणजे फ्रिजमध्ये झाकण न लावता महिनाभर राहिलेल्या लोण्यासारखा. कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचे तपकिरी ओघळ खालपर्यंत आलेले. मी खाली वाकून बघितलं तर बारीकसा धातूचा बॅज, त्यावर प्रीमियर, ड्रम बनवणारी इंग्लिश कंपनी. फ्लोअर टॉम, ड्रम सेटमधला पायांवर उभा राहणारा ढोल!

"आंटी, हें कितें?"

"तें? घोवाचें," आंटी म्हणाल्या, आणि अशा सुरात म्हणाल्या की जणू घोव आत्ताच बाजारात गेलाय. तो जाऊन बावीस वर्षं झाली होती.

(आम्ही बोललो सगळं कोंकणीतच, पण लिहायचं म्हटलं की माझा हात मराठीत चालतो. गोव्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यावरून इथे भांडण नको.)

त्यांचा नवरा ड्रमर. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य सारेगम, शिकला, व्हायोलिन शिकला, मग मुंबई, मग जहाजावरच्या बँडमध्ये. कुडतरी तशी संगीतवाल्यांचं गाव म्हणून ओळखली जाते आणि त्या काळात गोव्यातून मुंबईला गेलेली वाजवणारी माणसं म्हणजे नुसता पूर होता, हॉटेलातले जॅझ बँड त्यांचे, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात तेच, स्वरलिपी वाचता येणारी माणसं दुसरीकडे मिळायची कुठे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते नाव तरी सगळ्यांना माहीत असतं. पण त्या बँडमध्ये मागे बसून ड्रम वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत असतं! आंटींचा नवरा त्यातला. इंग्लंडला बोट लागली तेव्हा त्याने पगारातून हा सेट घेतला आणि बोटीवरूनच घरी आणला.

बाकीचं माळ्यावर होतं. बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, २० इंची, छोटा टॉम १२ इंची, दोन मोडके स्टँड, एका चादरीत गुंडाळलेले. स्नेअर, म्हणजे खाली तारा असलेला चपटा ड्रम, कुणा पुतण्याने नेला तो नेलाच. किती पैसे दिले ते इथे लिहीत नाही, बाबा हा ब्लॉग वाचतात.

येताना गाडीत बाबा म्हणाले, "कपाट बघायला गेलो नि काय घेऊन आलो, तर कचकड्याचे ढोल."

तेव्हा मी हसलो. त्यांना वाटलं प्लास्टिकला चेष्टेने म्हणतोय, मलाही तसंच वाटलं. नंतर कळलं की त्यांनी एका शब्दात बरोब्बर निदान केलं होतं.

*

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सगळं खोलणं. ड्रमच्या अंगावर जे लग असतात, म्हणजे ज्यात रॉड पिळून वरची रिंग आवळतात ते धातूचे ठोकळे, ते आतून स्क्रूने बसवलेले असतात. पहिला लग काढला आणि मी दोन मिनिटं तसाच बसलो.

लगच्या खाली पांढरं होतं. नुसतं पांढरं म्हणजे काय सांगू, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं, हलवलं की आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं ना, तसं. लांबट, टोकांना गोल असा लगचा हुबेहूब आकार, आणि आजूबाजूला सगळं ते म्हातारं लोणी. म्हणजे हा सेट दुकानातून निघाला तेव्हा असा होता! मी तोपर्यंत समजत होतो की क्रीम कलरचाच असेल. एकेक लग काढत गेलो, प्रत्येकाखाली तशीच पांढरी खिडकी. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की खाली भिंतीचा मूळ रंग दिसतो तसं.

मग अर्थातच डोक्यात एकच गोष्ट, सगळा सेट असा पांढरा करायचा.

त्या दिवसापासून जो घरी आला त्याला मी ती पांढरी खिडकी दाखवली. सगळे म्हणाले, वा, असाच कर. फक्त बाबा काही बोलले नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवून जवळ आले, अंगठा त्या पांढऱ्यावर जोरात घासला, दहा-पंधरा वेळा, गरम होईपर्यंत, आणि मग अंगठा नाकाशी नेला. मला म्हणाले, हुंग.

कापूर. हलकाच, पण कापूरच, देवघरातला.

*

कचकडं हा शब्द हल्ली कुणी वापरत नाही, माझ्या आजीच्या तोंडी होता, कचकड्याची बाहुली, कचकड्याच्या बांगड्या. मूळ अर्थ कासवाच्या पाठीचं कवच, आणि मग तसंच चकचकीत दिसणारं सेल्युलॉइड बाजारात आलं तर लोकांनी त्यालाही तेच नाव दिलं. सेल्युलॉइड बनतं कशाचं, तर कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिडची प्रक्रिया करतात आणि जे तयार होतं त्यात कापूर मळतात. कापराने ते मऊ होतं, वाकवता येतं, पत्रे काढता येतात. १८७० च्या सुमाराला अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने हे धंद्याला लावलं, त्याला हस्तिदंताला पर्याय हवा होता बिलियर्डच्या चेंडूंसाठी. पुढे कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, सिनेमाची रिळं, टेबल टेनिसचे चेंडू (मोठ्या स्पर्धांमधले चेंडू तर २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचेच होते), आणि ड्रमच्या अंगावर चिकटवायचे मोतिया पत्रे, ज्याला ड्रमवाले रॅप म्हणतात.

आणि ती मोतिया झाक येते कुठून? इथे मात्र मी खुर्चीतून उठलोच. जुन्या मोतिया पत्र्यात माशांच्या खवल्यांचा अर्क घालायचे! हेरिंग माशाचे खवले, म्हणजे आपल्या तारल्यांचा लांबचा भाऊबंद. खवल्यांत चकाकणारे बारीक कण असतात ते धुऊन वेगळे काढायचे. ही युक्ती पॅरिसमधल्या एका जपमाळा बनवणाऱ्याने सतराव्या शतकात शोधली, खोटे मोती करायला. नंतर रासायनिक पर्याय आले. माझ्या सेटमध्ये यातलं नक्की काय आहे ते ओळखण्याइतका मी तज्ज्ञ नाही, पण मनाने मी तारले ठरवून टाकलेत.

म्हणजे हिशोब बघा, कापूस, कापूर आणि खवले. देवघरातल्या दोन वस्तू आणि स्वयंपाकघरातली एक. आमच्या घरात मासळीच्या हाताने देवघरात गेलेलं चालत नाही, आणि इथे साहेबाने तिन्ही एकत्र मळून ढोलाला गुंडाळलेत.

हे कळल्यावर बाकीचं आपोआप कळत गेलं. आई कापराच्या डबीत चार मिरी टाकून ठेवते, तुमच्याकडेही टाकत असतील, कारण कापूर नुसता ठेवला तर हवेत उडून जातो, महिन्याभराने डबी उघडावी तर अर्धी रिकामी. ड्रमच्या अंगातला कापूरही असाच उडतो, फक्त त्याला पन्नास-साठ वर्षं लागतात. कापूर गेला की पत्रा आक्रसतो. आक्रसला की सांध्यापाशी ओढ बसते, जिथे पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येतात तिथे सुटतो, स्क्रूच्या भोकांपाशी तडकतो. आणि ऊन लागेल तसा पिवळा पडतो, त्यात वर सिगारेटचा धूर, हॉटेलच्या बँडमध्ये धूर किती असेल विचार करा. आंटींच्या बाल्कांवात तर पश्चिमेचं ऊन थेट येतं.

ड्रमला मिरी घालायची काही सोय नाही.

*

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो, कारण हे सांगितलं नाही तर बाकीचं सगळं शहाणपण खोटं आहे.

छोट्या टॉमवर कधीकाळी कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, पट्टी गेली पण तिचा डिंक काळा होऊन राहिला होता. साबणाच्या पाण्याने जाईना, खोबरेल तेलाने थोडा मऊ झाला पण पूर्ण गेला नाही. तेलात अजून एक रात्र ठेवला असता तर गेला असता, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी रविवार होता, मला घाई होती, कशाची घाई होती देव जाणे, आणि बायकोच्या कपाटात नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली होती. कापसाच्या बोळ्यावर घेतलं, पुसलं. डिंक गेला, एका फटक्यात, मी खूश. आणि चमक कशी आली बघावं म्हणून तिथे अंगठा टेकवला.

अंगठा चिकटला.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असतं आणि अॅसिटोन सेल्युलॉइडला विरघळवतं, पुसत नाही, विरघळवतं. मी अंगठा ओढून काढला तेव्हा तिथे माझा ठसा उमटला होता, तलाठ्याच्या कागदावर उमटतो तसा, रेषान् रेष. तासाभराने कडक झाला. आजही तिथे आहे. भिंग लावून बघितलंत तर माझ्या अंगठ्यावरची लहानपणी विळीने कापलेली खूणसुद्धा दिसते.

बाबांना दाखवलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आता हा तुझ्या नावावर झाला," आणि चहा प्यायला आत गेले.

(कुणी हे काम करणार असाल तर: अॅसिटोन नको, थिनर नको, स्पिरिट नको. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं. आणि जवळपास काडी पेटवायची नाही. सांध्यापाशी नखाएवढा तुकडा सुटून पडला होता तो मी अंगणात फरशीवर ठेवून पेटवून बघितला, लहानपणी टेबल टेनिसचा फुटका चेंडू पेटवायचो तसंच, भस्सकन पिवळी ज्वाळा आणि संपलं, राख म्हणावी अशीही काही नाही.)

*

अंगठ्याच्या प्रकरणानंतर मी दोन आठवडे हात लावला नाही. मग पांढऱ्याचा किडा पुन्हा वळवळायला लागला. माझा एक मित्र डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो, गाड्यांच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइट तो वॉटर पेपर मारून काचेसारख्या करून देतो, त्याला विचारलं. तो म्हणाला आण इकडे, बफिंग मशीन लावतो, अर्ध्या तासात काम. मशीन म्हटल्यावर मला ती अंगणातली ज्वाळा आठवली. बफ जोरात फिरला की घर्षणाने तापतो, आणि तापलेलं सेल्युलॉइड मऊ पडतं, फारच तापलं तर पुढचं तुम्ही समजून घ्या. त्याला म्हटलं पेपर तेवढे दे, हाताने करतो.

बेस ड्रमचा जो भाग जमिनीकडे असतो, कुणाला दिसत नाही, तिथे तळहाताएवढी जागा घेतली. १५०० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००, मग ३०००, सतत पाणी, हलक्या हाताने, शेवटी रबिंग कंपाऊंड. निघणारं पाणी ताकासारखं, किंचित पिवळं. पत्रा असतो जेमतेम दोन पोस्टकार्डांएवढा जाड, त्यात वरचा थर पारदर्शक आणि त्याच्या खाली मोतिया, म्हणजे पिवळा थर काढता काढता कुठल्या घासाला मोत्यात शिराल ते कळणार नाही, आणि मोत्यात शिरलात की तिथे कायमचा ढब्बा. श्वास रोखून करायचं काम. तासाभराने धुऊन, पुसून, उजेडात नेलं.

उजळलं होतं. लोण्याचा सायीसारखा रंग झाला होता. आणि छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू, त्या जागेत आता ट्यूबलाइट दिसत होती. पण लगच्या खालच्या त्या पांढऱ्या खिडकीशेजारी धरलं तर अजूनही पिवळंच. मी अजून घासू शकलो असतो. पिवळं किती खोल गेलंय ते घासल्याशिवाय कळत नाही आणि घासून कळेपर्यंत मोती संपू शकतो, अशी ती गंमत.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कितपत पांढरं करायचंय तुला?"

"होतं तसं."

"कधी होतं तसं?"

मी म्हटलं दुकानात होतं तसं. बाबा भात कालवत म्हणाले, "दुकानात ते कुणाचं नव्हतं."

मला राग आला होता, कारण याच्यावर उत्तर सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या सगळ्या अंगाला वॉटर पेपर लावलाच नाही, नुसतं साबणपाणी, मग बारीक प्लास्टिक पॉलिश, मऊ फडकं, हाताने गोल गोल. धुराचा चिकट थर निघाला, कुंडीचे ओघळ बहुतेक निघाले, रंग लोण्याचाच राहिला. बेस ड्रमच्या पोटाखाली तेवढा सायीचा एक चौकोन आहे.

*

तेवढ्यात पाऊस आला. गोव्यातला जून म्हणजे सगळ्या कामांना कुलूप. चपला हिरव्या होतात, पुस्तकांना वास येतो, मीठ पातळ होतं, अशात बाबा पॉलिशच्या डब्याला हात लावत नाहीत. बेस ड्रमच्या लाकडी रिंगा खरवडून झाल्या होत्या, फ्रेंच पॉलिश बाकी होतं, मी दोनदा विचारलं तर म्हणाले, पावसात चपडी पांढरं मारते. चपडी म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर लाखेचे किडे जे सोडतात त्याच्या. स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावतात. हवा दमट असेल तर स्पिरिट उडताना थरात पाणी अडकतं आणि वर दुधाळ डाग येतात. त्यामुळे दसऱ्यापर्यंत थांबायचं. मी पांढऱ्यासाठी जीव टाकत होतो आणि बाबा पांढरं येऊ नये म्हणून चार महिने थांबायला तयार.

पावसातच मला बेस ड्रमच्या आतला डाग सापडला. शेलच्या आतल्या लाकडावर करपल्यासारखा तपकिरी गोल, बशीएवढा, आणि शेजारी दोन बारीक स्क्रूची भोकं. काहीच उलगडा होईना. आंटींना फोन केला. त्या हसायला लागल्या, म्हणाल्या, "पावसांत तो भितर बल्ब लायतालो!"

आमच्याकडे कपाटात साड्यांना बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावून ठेवतात तसं त्या माणसाने ड्रमच्या पोटात होल्डर बसवला होता. नंतर वाचलं तर कळलं की हे काही त्याचं खूळ नव्हतं, १९२०-३० च्या काळात अमेरिकेतले ड्रमर बेस ड्रमच्या आत बल्ब लावायचे, कातडं कोरडं राहायचं आणि वर पुढच्या कातड्यावर रंगवलेला देखावा उजळायचा. प्लास्टिकचे हेड, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचे पडदे, १९५७ च्या आसपास बाजारात आले, तोपर्यंत सगळं वासराच्या कातड्यावर, आणि कातडं म्हणजे पावसात ढिलं. हे मला वेगळं सांगायला नको होतं. चवथीला आमच्या वाड्यावर आरतीला घुमट (तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं), शामेळ (काड्यांनी वाजवायचा छोटा ढोल), कांसाळं (झांज) असतं, शामेळ माझ्याकडे, आणि भर भाद्रपदात घुमटाचं कातडं असं बसतं की आरती सुरू करायच्या आधी चुलीजवळ नेऊन शेकावं लागतं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, चांगलंच झालं, पण शेकावं अजून लागतंच.

त्या डागाला मी हात लावला नाही. तिथे हात लावण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

*

लोखंडाचं काम पावसात करता आलं. रॉड गंजले होते, ते सुरेच्या विनेगरमध्ये रात्रभर बुडवले, घरात तेच होतं, सकाळी ब्रशने घासले, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढले, शिवणयंत्राचं तेल लावलं. स्वयंपाकघरात दोन दिवस शेजारच्या घरात सोरपोतेल शिजतंय असा वास. लग मात्र विनेगरमध्ये टाकायचे नाहीत, ते जस्ताच्या ओतीव धातूचे असतात, अॅसिड त्यांना खातं. लग आणि रिंगांच्या क्रोमवर चपात्या गुंडाळायची फॉइल पाण्यात भिजवून घासली. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज मात्र काळं पाणी होऊन निघतो, बघायला फार समाधान वाटतं. जिथे क्रोम उडून खड्डे पडलेत ते राहिले.

सुटलेल्या सांध्याला चपलेला लावतात ते पिवळं सोल्युशन लावलं, अगदी पातळ, पूर्ण सुकून नुसतं चिकट राहीपर्यंत थांबून, कारण त्यातही सॉल्व्हंट असतं आणि मी एकदा शिकलो होतो. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून शेलभोवती करकचून गुंडाळल्या, दोन दिवस. आई म्हणाली पाय मोडल्यासारखा दिसतोय.

आणि मग हेड. मुंबईहून १२ आणि १६ इंचाचे नवे प्लास्टिक हेड मागवले, आले, बसवायला गेलो तर बसेनात. शेलवर उतरतच नाहीत, केसभर कमी पडतात. दुकानदाराला फोन करून मी काय काय बोललो ते आठवलं की लाज वाटते, कारण चूक त्याची नव्हतीच. प्रीमियरचे ड्रम १९६८ च्या आसपासपर्यंत इंग्लिश मापाचे असायचे, आकडा तोच पण शेल किंचित मोठा, नंतर त्यांनी अमेरिकन माप घेतलं. म्हणजे वाईटातून एक चांगलं निघालं, सेटचं वय कळलं.

यावर एक उपाय लोक करतात, रॅप सोलून टाकायचा. पत्रा गेला की शेल तेवढा बारीक होतो, कधी कधी नवा हेड बसतो, आणि आतलं लाकूड पॉलिश करून झकास दिसतं. माझ्या एका ड्रमर मित्राने तर हातच जोडले, म्हणाला सोल रे बाबा, नवा रॅप मारू, काळा ऑयस्टर, म्हणजे काळा मोतिया, मारू, रिंगोसारखा. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने १९६३ साली लुडविग या अमेरिकन कंपनीचा काळा ऑयस्टर पर्ल सेट घेतला आणि त्याच्या मागे निम्मं जग तो रंग शोधायला लागलं, पण त्याच्या आधी रिंगोकडे प्रीमियरच होता, ते कुणी सांगत नाही. मी एक संध्याकाळ खरंच पातळ पातं घेऊन सुटलेल्या टोकाशी बसलो होतो. मग तो अंगठा दिसला. म्हटलं हा ठसा सोलून कचऱ्यात टाकायचा म्हणजे आधी केलेली चूक लपवायला दुसरी करायची. पातं आत ठेवलं. जुन्या मापाचे हेड मागवावे लागले, महाग पडले, उशिरा आले.

*

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि एका सकाळी बाबांनी न सांगता चपडी भिजत घातली होती. बेस ड्रमच्या रिंगा त्यांनी केल्या, मी फक्त बघितलं. मलमलच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा, त्यावर चार थेंब पॉलिश, एक थेंब तेल, आणि हात आठाच्या आकड्यासारखा फिरत राहतो, थांबत नाही, थांबला की तिथे चिकटतो. दिवसाला दोन-तीन थर, मध्ये सुकवायचं. तेवढा वेळ त्यांचे गुडघे दुखले नाहीत.

वरच्या रिंगवर एका जागी सिगारेटने जळलेला खड्डा आहे, करंगळीच्या नखाएवढा. वाजवताना सिगारेट तिथे टेकवून ठेवत असणार. मला वाटलं बाबा तो लाखेने भरतील, फर्निचरचे असले खड्डे भरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी त्याच्यावरून नुसता बोळा फिरवला. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "तो त्याचा. तुझा तिकडे आहे."

*

नोव्हेंबरात सेट गाडीत घालून कुडतरीला घेऊन गेलो. आंटींच्या बाल्कांवात मांडला, त्याच जागी, मनी प्लांट आता प्लास्टिकच्या स्टुलावर होता. ऊन तिरपं आलं होतं आणि त्या उन्हात लोण्याच्या रंगाखाली मोती हलताना दिसत होता, मला वाटलं आंटी आता रडतील, मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली होती काय बोलायचं याची.

आंटींनी चष्मा पुसला. सेटभोवती एक फेरी मारली. बेस ड्रमवर वाकल्या.

"हें पोरनेंच दिसता रे!" त्या म्हणाल्या, म्हणजे जुनंच दिसतंय की. "इतले म्हयने तूं कितें करतालो?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा कपाटाकडे बघत होते, वाळवीच्या कपाटाकडे, ते अजून कुणी नेलं नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली, वॉटर पेपर, विनेगर, चपडी, पण आंटी ऐकत नव्हत्या. आत गेल्या, शिवणयंत्राचा खण उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ आतून बटणं आणि रिळं खडखडत राहिली. परत आल्या तेव्हा हातात ड्रमची चावी होती, रॉड आवळायची, तेलाने काळी पडलेली. सात महिने मी रॉड पान्याने फिरवत होतो.

"ही दवर," म्हणाल्या. मग चावी माझ्या हातात देता देता थांबल्या, स्वतःच खाली बसल्या, फ्लोअर टॉमचा एक रॉड पाव वळसा आवळला, बोटाने कडेला टिचकी मारली, कान जवळ नेला, आणि समोरच्या रॉडकडे सरकल्या.